चित्रात दडलेला निरोप

मुलांनो, निरोप गुप्त ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. अक्षरे अशी फिरवावयाची की परक्याला ती वाचताच येऊ नयेत, हा एक. आणि निरोप आहे हेच मुळी कोणास कळू द्यावयाचे नाही, हा दुसरा. मायलीटसच्या अधिपतीने एका गुलामाचे डोके भादरून त्यावर निरोप गोंदविला व केस वाढल्यावर त्याला रवाना केले, अशी गोष्ट ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने सांगितली आहे.

आज हे काम संगणकातील चित्रे करतात. असे चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची मांडणी होय. काळ्यापांढऱ्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ यांपैकी एक अंक असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. निरोपही संगणकात ० आणि १ यांच्या मालिकेनेच लिहितात. तेव्हा ० लपवावयाचा तर ठिपक्याचा अंक सम करावा, १ लपवावयाचा तर विषम करावा, ही साधी युक्ती. डोळ्यांना फरक दिसत नाही. परंतु १०१ हा अंक मुळातच १०१ होता की १०० चा १०१ झाला, हे पुढे कोणासही सांगता येत नाही. देखाव्याच्या चित्रात त्याने फारसे बिघडत नाही. पण फुप्फुसाच्या क्ष-किरण चित्रात रुग्णाचे नाव दडविलेले असेल, तर पुसट डागावरून निदान करणाऱ्या डॉक्टरांना मूळ चित्रच हवे!

ते परत मिळविण्याची युक्ती समजण्यास उल्हासनगरच्या बराकींचे उदाहरण सोयीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे त्या बराकींत राहू लागली. १९४९ साली उल्हास नदीवरून वसाहतीला नाव मिळाले. कॅम्प क्रमांक १ मधील एखाद्या बराकीत ओळीने खोल्या आहेत आणि शेवटची तेवढी रिकामी आहे, अशी कल्पना करा. मधल्या खोलीपासून पुढचे प्रत्येक कुटुंब एकेक खोली पुढे सरकले, की मधली खोली पाहुण्यांसाठी मोकळी होते. पाहुणे गेले, की सारे आपापल्या जागी परततात.

२००६ साली झिचेंग नी, युनछिंग शी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत अशीच आहे. समजा, एका चित्रात १५४ हा अंक सर्वांत अधिक ठिपक्यांवर आहे आणि २०१ एकाही ठिपक्यावर नाही. १५५ ते २०० यांतील प्रत्येक अंक एकाने वाढवावा. १५५ ची जागा मोकळी झाली. आता १५४ चे ठिपके क्रमाने घ्यावेत. ० लपवावयाचा असेल तर ठिपका तसाच ठेवावा, १ असेल तर त्याचा १५५ करावा. घेणाऱ्याने १५४ दिसताच ० वाचावा, १५५ दिसताच १. मग १५५ चे पुन्हा १५४ करावेत व १५६ ते २०१ यांतून एकेक वजा करावा. निरोप हाती आला आणि चित्रही ठिपक्याठिपक्याने पूर्ववत झाले!

अर्थात १५४ चे ठिपके जितके, तितकेच ० व १ त्यात मावतात. १५४ आणि २०१ हे दोन अंक घेणाऱ्याला ठाऊक असावे लागतात. शिवाय वाटेत कोणी चित्र दाबून लहान केले, जसे मोबाइलवरून छायाचित्रे पाठविताना पुष्कळदा होते, तर अंक विस्कटतात. मग निरोपही जातो आणि मूळ चित्रही.