मेमरी किती शिल्लक आहे?

सी भाषा शिकणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. ‘माझ्या प्रोग्रॅमसाठी मेमरी किती शिल्लक आहे, हे कसं पाहायचं?’ प्रश्न साधा वाटतो. पण १९८९ साली प्रमाणित झालेल्या सी भाषेत त्यासाठी एकही फंक्शन नव्हतं आणि आजही नाही.

डॉसच्या काळी उत्तर सोपं होतं. एका वेळी बहुधा एकच प्रोग्रॅम चाले आणि त्याच्या वाट्याला फार तर ६४० किलोबाइट मेमरी येई. आपल्या महाविद्यालयांतून वर्षानुवर्षं शिकवल्या गेलेल्या टर्बो सीमध्ये ‘कोअरलेफ्ट’ हे फंक्शन होतं. ते शिल्लक मेमरीचा आकडा देई. एकट्या माणसानं आपल्या पिठाचा डबा उघडून पाहावा, तसं.

आजचा संगणक म्हणजे वसतिगृहाची मेस आहे. एकाच वेळी शेकडो प्रोग्रॅम पंगतीला बसलेले. लिनक्सवर ‘सिसइन्फो’ला विचारलं तर आकडा मिळतो, पण तो हाती येईपर्यंत शेजाऱ्यानं पोळी उचललेली असते. शिवाय लिनक्स रिकाम्या मेमरीत वाचलेल्या फायलींच्या प्रती ठेवतो आणि गरज पडली की त्यांतल्या बऱ्याचशा हटवून जागा देतो. म्हणजे ‘रिकामी’ मेमरी थोडी दिसली, तरी ‘उपलब्ध’ पुष्कळ असू शकते. हा वेगळा आकडा लिनक्स २०१४ पासून देऊ लागला. तोही अंदाजच!

मग करायचं काय? ‘मॅलॉक’कडे हवी तेवढी मेमरी मागायची आणि त्याचं उत्तर तपासायचं. ‘नल’ आलं, की नकार समजावा. ते न तपासता पुढे गेलं, तर प्रोग्रॅम कोसळतो आणि जतन न केलेलं काम वाया जातं.

पण लिनक्सवर होकारही पक्का नसतो. तो जेवणाचं कुपन देतो. ताट वाढलं जातं ते प्रोग्रॅम त्या जागेत लिहू लागल्यावर. ताटांपेक्षा कुपनं जास्त वाटली गेली आणि सगळे एकदम आले, तर कर्नल एखाद्या प्रोग्रॅमला सरळ पंगतीतून उठवतो. उठवला जाणारा शेवटी आलेलाच असेल, असं नाही.

म्हणून शिल्लक मोजत बसण्यापेक्षा आपली भूक आवरावी. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचावी, काम झालं की ‘फ्री’नं मेमरी परत करावी आणि महत्त्वाची माहिती वेळोवेळी डिस्कवर जतन करावी. मग पंगतीतून उठावं लागलं, तरी सगळं काम वाया जात नाही.