संकेतित संहितेची वैधता : देवनागरी चिन्हमालांच्या संगणकीय तपासणीचा विचार

१

हस्तलिखितांच्या परंपरेत संहितेला धोका असे तो लेखनिकाच्या हातून. ओळ गळणे, दोन सारख्या शब्दांमधील मजकूर नजरेतून निसटणे, ‘व’च्या जागी ‘ब’ येणे, समासातील टीप मूळ मजकुरात शिरणे, हे दोष पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना परिचित आहेत. मुद्रणाच्या काळात त्यांत जुळाऱ्याच्या दोषांची भर पडली. संहिता संगणकात साठवली जाऊ लागल्यापासून दोषांचा तिसरा वर्ग निर्माण झाला आहे. हे दोष डोळ्यांचे वा बोटांचे नसून संकेतनाचे असतात. अक्षर पडद्यावर उमटते, परंतु साठवणीत अक्षर नसते. असतात ते केवळ अंक. त्या अंकांचा क्रम ठरलेल्या नियमांत बसतो की नाही, हे पाहणे म्हणजे संकेतित चिन्हमालेची वैधता तपासणे होय.

हा विषय वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. तथापि कोश, शब्दसूची, चिकित्सक आवृत्ती, शैलीचा सांख्यिकी अभ्यास ही सर्व कामे आता अशाच चिन्हमालांवर उभी राहत असल्याने, वैध म्हणजे काय आणि वैध असूनही चुकीचे म्हणजे काय, हा भेद साहित्याच्या अभ्यासकानेही जाणून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात या तपासणीचे नियम, त्यांच्या मर्यादा आणि संहितेवर होणारे त्यांचे परिणाम देवनागरीच्या संदर्भात मांडले आहेत.

२

संगणकाच्या साठवणीचे एकक बाइट हे होय. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी कोणताही एक अंक मावतो. रोमन लिपीला १२८ स्थाने पुरली. भारतीय लिप्यांसाठी उरलेली वरची स्थाने योजणारी ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक म्हणून १९९१ साली मान्य झाली. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागाला २३०४ ते २४३१ ही १२८ स्थाने दिली आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘र’चा २३५२, हलन्त चिन्हाचा २३८१.

हे क्रमांक २५५ हून मोठे असल्याने ते एका बाइटमध्ये मावत नाहीत. त्यांची बाइटमध्ये विभागणी करण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांत यूटीएफ-८ ही सर्वाधिक रूढ झाली. १९९२ साली बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती सिद्ध केली. या रीतीत रोमन अक्षर एका बाइटमध्ये राहते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘क’ हे चिन्ह २२४, १६४, १४९ या तीन अंकांनी लिहिले जाते. पहिल्यातून २२४, दुसऱ्यातून १२८ आणि तिसऱ्यातून १२८ वजा केल्यास ०, ३६ आणि २१ उरतात. ३६ ला ६४ ने गुणून त्यांत २१ मिळवले की २३२५ हा ‘क’चा क्रमांक मिळतो. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा, म्हणून पंधरा बाइटचा होतो.

३

या रीतीचा विशेष असा की, चिन्हाचा आरंभ करणारे बाइट आणि त्यामागून येणारे बाइट यांचे पट्टे वेगळे ठेवले आहेत. ० ते १२७ हे स्वतंत्र बाइट. १२८ ते १९१ हे केवळ अनुगामी, म्हणजे आरंभी कधीही न येणारे. १९४ ते २२३ हे दोन बाइटच्या चिन्हाचा, २२४ ते २३९ हे तीन बाइटच्या आणि २४० ते २४४ हे चार बाइटच्या चिन्हाचा आरंभ दर्शवितात. १९२, १९३ आणि २४५ ते २५५ हे अंक वैध संहितेत कोठेही येऊ शकत नाहीत. तपासनीस आज्ञावली प्रत्येक आरंभक बाइट पाहून पुढे किती अनुगामी बाइट यावयास हवेत ते ठरविते आणि तेवढे आले नाहीत तर दोष नोंदविते. भलत्याच रीतीने लिहिलेला मजकूर या चाळणीतून सहसा निसटत नाही. जेथे प्रत्येक चिन्ह एकाच बाइटचे असते आणि जवळजवळ प्रत्येक अंक काही ना काही अर्थ देतो, त्या जुन्या संकेतावल्यांना ही सोय नव्हती.

परंतु पट्टे जुळणे पुरेसे नाही. त्याखेरीज तीन अटी पाळाव्या लागतात.

पहिली अट लघुतम रूपाची. एकच चिन्ह लांबवून अधिक बाइटमध्ये लिहिणे गणिती दृष्ट्या शक्य असते. तिरप्या रेघेचा क्रमांक ४७. ती एका बाइटमध्ये मावते. पण १९२, १७५ अशा दोन बाइटमध्येही तीच रेघ उकलता येते. अशी लांबट रूपे निषिद्ध आहेत आणि या निषेधामागे अनुभव आहे. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या एका सर्व्हर-प्रणालीत ही त्रुटी उघड झाली. ती प्रणाली तिरप्या रेघेचा शोध घेऊन मग मजकूर उकलीत असे. त्यामुळे लांबट रूपातील रेघ पहाऱ्यातून सुटे आणि उकलल्यानंतर प्रकट होई. २००१ मधील ‘निम्डा’ या उपद्रवी आज्ञावलीने या वाटेचाही उपयोग केला. तात्पर्य, आधी उकल व तपासणी आणि मग निर्णय, हा क्रम मोडता कामा नये.

दुसरी अट अशी की, ५५२९६ ते ५७३४३ ही २०४८ स्थाने दुसऱ्या एका संकेतन-रीतीच्या अंतर्गत कामासाठी राखून ठेवलेली असल्याने ती संहितेत येऊ नयेत. तिसरी अट कमाल मर्यादेची : क्रमांक १११४१११ च्या पुढे जाऊ नये. मूळ योजनेत सहा बाइटपर्यंत मुभा होती. २००३ च्या मानकाने ती चारांवर आणली.

देवनागरीपुरते पाहता पहिल्या अटीचा प्रत्यक्ष संबंध येतो. देवनागरीच्या मुख्य विभागातील प्रत्येक चिन्ह २२४ या बाइटने सुरू होते आणि २२४ नंतरचा बाइट १६० ते १९१ याच मर्यादेत हवा, अन्यथा ते लांबट रूप ठरते. देवनागरीचा दुसरा बाइट नेहमी १६४ किंवा १६५ असतो, म्हणून शुद्ध देवनागरी या अटीत बसते.

४

आता या तपासणीच्या मर्यादांकडे वळणे आवश्यक आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द घेऊ. त्यात ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, दीर्घ वेलांटी अशी अकरा चिन्हे, म्हणजे तेहतीस बाइट आहेत. एखाद्या सूचीत नावाच्या रकान्याला वीसच बाइट ठेवले असतील, तर शब्द ‘ज्ञाने’ नंतर ‘श’च्या तीन बाइटपैकी दोन घेऊन तुटेल. २२४, १६४ एवढेच उरल्याने तपासनीस आज्ञावलीला दोष तत्काळ कळेल. रकाना चोवीस बाइटचा असेल, तर उरेल ते ‘ज्ञानेश्’. प्रत्येक चिन्ह पुरे आहे, वैधतेची एकही अट मोडलेली नाही. परंतु जोडाक्षर अर्धे तुटले आहे. अठरा बाइटवर कापल्यास ‘ज्ञाने’ उरते आणि तेथे तर तुटल्याची खूणही राहत नाही. यावरून बाइट, चिन्ह आणि अक्षर या तीन पातळ्या भिन्न आहेत हे स्पष्ट होते. वैधतेची तपासणी पहिल्या पातळीची हमी देते. अक्षराची आणि शब्दाची हमी देणे तिच्या कक्षेबाहेर आहे.

दुसरे उदाहरण दुहेरी संकेतनाचे. यूटीएफ-८ मधील ‘क’चे तीन बाइट एखाद्या प्रणालीने पश्चिम युरोपीय एकबाइटी संकेतावलीतील तीन स्वतंत्र चिन्हे समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिले, तर २२४ चे १९५, १६० होतात, १६४ चे १९४, १६४ आणि १४९ चे १९४, १४९. तीन बाइटचे सहा झाले आणि सहाही वैध! पडद्यावर मात्र निरर्थक युरोपीय चिन्हे दिसतात. युनिकोडपूर्वीच्या काळात शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत अक्षरजुळणी केलेल्या मजकुराचीही गत वेगळी नाही. तेथे मराठी अक्षराचे केवळ चित्र रोमन वा तत्सम स्थानावर बसविलेले असते. असा मजकूर युनिकोडमध्ये जसाच्या तसा उचलला तर तो तपासणीत निर्दोष ठरतो, पण त्यात मराठीचे एकही अक्षर नसते.

५

तपासणी ढिली असल्याने जसा अपाय होतो, तसा ती अज्ञानाने कडक केल्यानेही होतो. याचे मराठीतील ठळक उदाहरण ‘ऱ्य’चे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांतील हा भेद अर्थाचा आहे, केवळ वळणाचा नाही.

युनिकोडमध्ये ‘ऱ्य’ तीन प्रकारांनी लिहिलेला आढळतो. पहिल्यात ऱ (२३५३), हलन्त (२३८१) व य (२३५१). दुसऱ्यात र (२३५२), नुक्ता (२३६४), हलन्त व य. तिसऱ्यात र, हलन्त, एक अदृश्य संयोजक (८२०५) व य. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात आणि तिन्ही वैध आहेत. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या प्रक्रियेत एकरूप होतात. तिसरा वेगळाच राहतो. परिणामी ‘दुसऱ्या’ या शब्दाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला एका प्रकाराने लिहिलेले प्रयोग मिळतात आणि दुसऱ्या प्रकाराचे मिळत नाहीत. शब्दांची वारंवारता मोजताना एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतात.

याहून गंभीर धोका तिसऱ्या प्रकारात आहे. अदृश्य चिन्हे फसवणुकीसाठी वापरली जातात, म्हणून अनेक आज्ञावल्या ती ‘अनावश्यक’ ठरवून गाळतात. तसे केले की र, हलन्त, य एवढेच उरते, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो! आंतरजालावरील नावांच्या २००३ च्या नियमांत हे संयोजक सरसकट गाळले जात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी ते हलन्तानंतर आल्यास ग्राह्य मानले. नियम लिपीच्या स्वभावाला अनुसरून असावा लागतो, हे त्यातून मान्य झाले.

‘ॲ’ची कथाही अशीच. या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान (२४१८) मिळाले ते २००८ मध्ये. तत्पूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून तो लिहीत. ही दोन रूपे प्रमाणीकरणाने एकरूप होत नाहीत. ती जाणीवपूर्वकच एकत्र आणावी लागतात.

६

दोष सापडल्यावर काय करावे, हा खरा कळीचा प्रश्न आहे. येथे दोन मार्ग संभवतात. एक, मजकूर नाकारून दोषाचे स्थान दाखवावे. दुसरा, दोषस्थानी ६५५३३ या क्रमांकाचे प्रतिस्थापक चिन्ह घालून पुढे जावे. वाचकाला पान दाखविण्यापुरता दुसरा मार्ग सोयीचा आहे. मात्र तसा मजकूर पुन्हा साठवला की अनर्थ होतो. समजा, इस्कीमधील एखादी जुनी संहिता चुकून यूटीएफ-८ म्हणून उघडली. तिच्यातील देवनागरी बाइट अवैध ठरतात आणि त्यांच्या जागी एकच एक चिन्ह येते. साठवल्यानंतर ही धारिका पूर्णपणे वैध असते, कारण प्रतिस्थापक चिन्ह स्वतः वैध आहे. कोणतीही तपासणी तिच्यावर आता आक्षेप घेणार नाही आणि मूळ अक्षरे कोणत्याही उपायाने परत मिळणार नाहीत. अवैध संहितेत मूळ अक्षरे निदान शाबूत होती. वैध केलेल्या संहितेत ती राहिली नाहीत.

चिकित्सक संपादनाच्या परंपरेला हा पेच नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. सी. सुखटणकर यांनी जेथे पाठ निश्चित नव्हता तेथे त्याखाली नागमोडी रेघ दिली आणि पाठभेद तळटीपांत नोंदविले. संशय लपवावयाचा नाही, तो दाखवून ठेवावयाचा, ही ती शिस्त होय. संगणकीय संहितेलाही तीच लागू पडते. मूळ बाइट जसेच्या तसे जतन करावेत. तपासणीचा निष्कर्ष स्थानासह वेगळा नोंदवावा. दुरुस्ती प्रतीवर करावी आणि प्रत्येक दुरुस्तीचा नियम लिहून ठेवावा. प्रमाणीकरण शोधासाठी करावे, मूळ प्रतीवर लादू नये.

७

सारांश, वैधता हा संहितेचा किमान गुण आहे, अंतिम नव्हे. मजकूर उकलता येईल एवढेच ती सांगते. तो मराठी आहे, पूर्ण आहे वा लेखकाने लिहिला तसाच आहे, हे ती सांगू शकत नाही. ते ठरविण्याचे काम लिपी आणि भाषा जाणणाऱ्याचे आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अंतर ज्याला कळते, त्याने तपासणीचे नियम ठरविताना उपस्थित राहिले पाहिजे. अन्यथा नियम पाळले जातील आणि शब्द हरवतील.