काळी पाचचा तानपुरा, ब्राउझरमधला

पोटासाठी बँकेच्या सॉफ्टवेअरची नोकरी आणि नोकरीबाहेर तीन नाद: वेबसाइटचं डिझाइन, स्वतःपुरतं कोडिंग आणि गाणं. सांगलीत घरून काम करते, मिरजेला बाईंकडे गाणं शिकायला जाते. लग्नकार्यात भेटणारी माणसं हटकून विचारतात, "एवढा वेळ कुठून काढतेस गं?" वेळ मला फारसा अडवत नाही. दिवसाकाठी तास-दीड तास बहुतेकांना काढता येतो. अवघड असतं ते पुन्हा सुरू करणं. आठवडाभर न उघडलेला कोड समोर घेतला की आपणच लिहिलेलं समजून घेण्यात अर्धा तास जातो. गळ्याचंही तसंच, चार दिवस षड्ज लावला नाही तर पाचव्या दिवशी तो लावण्यातच रियाज संपतो. तिन्ही कामं वेगवेगळी ठेवली तर प्रत्येकाची ही किंमत स्वतंत्र मोजावी लागते आणि हातात काहीच उरत नाही.

म्हणून मी तिन्ही एकाच कामाला जुंपली. बाईंच्या विद्यार्थिनींसाठी ब्राउझरमध्ये वाजणारा तानपुरा करायला घेतला. कोड त्याचा, डिझाइन त्याचं आणि कानांची परीक्षाही त्याचीच. आणि दर आठवड्याला बाईंसमोर बसायचं असल्यामुळे काम रेंगाळायची सोय राहिली नाही.

इंजिनिअर आणि कलावंत एकाच देहात नांदण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. ज्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या पेट्या आपण मैफलीत पाहतो, त्यांची सुरुवात १९७९च्या सुमारास बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी केली. ते स्वतः बासरी वाजवणारे इंजिनिअर. आता मोबाइलवर तानपुऱ्याची ॲप्स ढिगानं आहेत. तरी मला स्वतःचा करायचा होता, कारण करताना जे ऐकायला शिकते ते तयार ॲप विकत घेऊन शिकले नसते.

तानपुऱ्याला साधारण चार तारा. पहिली पंचमाची, मग जोडीच्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. माझी पट्टी, म्हणजे षड्जाची जागा, पेटीवरची काळी पाच. म्हणजे जोडीची तार सेकंदाला सुमारे २३३ वेळा थरथरते आणि खर्जाची त्याच्या निम्म्यानं, ११६.५ वेळा. पण कुठलीही तार एकट्या मूळ स्वरात वाजत नाही. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही तिच्यातच असतात. खर्जाच्या ११६.५ची पाचपट केली की ५८२.७ येतात, आणि हा झाला गंधार. कुणीही न छेडता तानपुऱ्यातून ऐकू येतो तो हा स्वयंभू गंधार. बाजारातल्या कीबोर्डवर त्याच जागेची पट्टी दाबाल तर ५८७.३ वाजेल, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. सेकंदाला साडेचार कंपनांहून थोडा जास्त फरक. कागदावर तो किरकोळ वाटतो, पण तानपुरा लावून भूपातला गंधार गायला बसलात तर तो गळ्याला कळतो.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. कोड लिहायला बसल्यावर ते कानात उतरलं. आजच्या ब्राउझरमध्ये आवाज घडवण्याची यंत्रणा आतच दिलेली असते, वेब ऑडिओ तिचं नाव. तिला २३३ सांगितलं की ती २३३ची शुद्ध लहर देते. अशा चार लहरी जोडल्या तर ऐकू येते दवाखान्यातल्या यंत्रासारखी शिट्टी. त्यात भोपळा नाही, तार नाही, गंधार तर नाहीच.

मग मी कार्प्लस आणि स्ट्राँग या दोन अमेरिकन संशोधकांची १९८३ साली छापून आलेली युक्ती वापरली. ती इतकी सुरेख आहे की कोडिंग न येणाऱ्यालाही सांगावीशी वाटते. संगणक आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे असं धरून चालतो. त्याला २३३.०८नं भागलं की १८९.२ येतात, म्हणजे जोडीच्या तारेच्या एका थरथरीत सुमारे १८९ आकडे बसतात. आता १८९ आकडे अगदी मनाला येतील ते घ्यायचे, निव्वळ खरखर. ते एकामागून एक वाजवत राहायचं, आणि प्रत्येक फेरीत दर आकड्याच्या जागी त्याची आणि शेजाऱ्याची सरासरी ठेवायची. पहिल्या क्षणी खर्रकन आवाज येतो, नंतर टोकं झिजत जातात आणि खरखरीतून छेडलेली तार उमटते. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा मी खुर्चीतून उठले होते.

उरलेला ०.२ मात्र सोडून चालत नाही. एक थरथर नेमकी १८९ आकड्यांची झाली तर तार २३३.३३वर जाते, पाव कंपन चढ. दुसरी जोडीची तार बरोबर असेल तर दोघींत दर चार सेकंदांनी एक लाट उठते. तेवढं नेमकं जुळवण्यासाठी दोन आकड्यांच्या मधला आकडा काढत राहावं लागतं. ते केलं, जोड जुळली, आणि बाईंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले, थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "सुरात आहे गं. पण जवारी कुठाय?"

जवारी समजून घ्यायला मी माझा तानपुरा घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या ही वाद्यं करणारी घरं इथे आहेत, आणि पंढरपूरकडचे भोपळे आजही इथे येतात. कारागीर चाचांनी तारा सैल केल्या, घोडी मोकळी केली आणि तिच्या पाठीवरून कानस फिरवायला लागले. घोडीची पाठ सपाट दिसते, पण तिला अगदी मंद उतार असतो आणि तार त्या उतारावर निजून थरथरते. दोन हात कानस, मग तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, पुन्हा उतरवायची. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि नखानं तो केसभर पुढे, केसभर मागे करत राहिले. एका जागी तार एकदम उघडली. मघापर्यंत मुक्यानं बोलणारा स्वर भरून झंकारायला लागला. "अब खुली," म्हणाले. खुली जवारी, बंद जवारी हे शब्द मी लहानपणापासून ऐकले होते. धागा केसभर सरकताना त्यांच्यातलं अंतर डोळ्यांनी पाहिलं ते तिथे.

यामागचं शास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यात मांडलं, नोबेलच्या नऊ वर्षं आधी. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुपटीचा स्वर तिच्यातून निघू नये, कारण त्या स्वरासाठी मध्य ही स्थिर राहण्याची जागा असते. युरोपातल्या वाद्यांवरून बसवलेला हा नियम होता. तानपुरा आणि वीणा तो मोडतात, हे रामन यांनी दाखवलं. तार घोडीच्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकत-सुटत राहते आणि त्यातून सगळे उपस्वर जागे होतात. माझ्या कोडमधल्या तारेला टेकायला घोडीच नव्हती.

गणितानं घोडी रचता येते, आणि तसं काम करणारे संशोधक आहेत. पण बाईंच्या विद्यार्थिनींच्या साध्या फोनवर ते गणित चालवणं जड गेलं असतं. म्हणून मी चाचांनी जवारी काढून दिलेल्या त्याच तानपुऱ्याची एकेक तार रात्री पंखा आणि फ्रिज बंद करून रेकॉर्ड केली. दहा सेकंदांची एक तार म्हणजे जवळजवळ नऊ लाख बाइट; आकुंचन करून ती दहाव्या हिश्शावर आणली, कारण आमच्यातल्या दोघी-तिघी तासगावच्या आतल्या गावांतून येतात आणि तिथे नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. रेकॉर्ड केलेली तार १.०५९५ पट वेगानं वाजवली की एक पट्टी वर चढते. पण दोन-तीन पट्ट्यांपलीकडे नेली की जवारी चिरकते, म्हणून काळी एक, पांढरी चार आणि काळी पाच अशा तीन ठिकाणी तारा वेगळ्या लावून रेकॉर्ड केल्या. कार्प्लस-स्ट्राँगची तार मी मोडीत काढली नाही. ती लेहऱ्यासाठी, म्हणजे तबल्यासोबत आवर्तन धरून फिरणाऱ्या सुरावटीसाठी, ठेवली.

लेहऱ्यात खरी कसोटी वेळेची. तीनतालाच्या सोळा मात्रा सेकंदाला एक अशा धरल्या आणि प्रत्येक मात्रेला दहा मिलिसेकंद उशीर झाला, तर एका आवर्तनात १६० मिलिसेकंदांची घसरण होते. तबलजीला ती लगेच टोचते. ब्राउझरचं साधं घड्याळ असंच घसरतं. शिवाय पान पडद्यामागे गेलं की काही ब्राउझर ते घड्याळ आणखी मंद करतात. आवाजाच्या यंत्रणेचं स्वतःचं घड्याळ मात्र पक्कं असतं. त्याला पुढच्या काही मात्रा आधीच कळवून ठेवायच्या: ही या क्षणी वाजव, ही त्या क्षणी. सम सांभाळणारा वादक पुढचं मनात धरूनच हात चालवतो. हे कोडमध्ये लिहिताना मला विलंबित ख्याल अधिक कळला.

डिझाइनच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. रियाजाचं पान पाहायचं नसतं, ते एकदा सुरू करून विसरायचं असतं. २०१८पासून क्रोममध्ये माणसानं पानाला हात लावल्याशिवाय आवाज निघत नाही, म्हणून सुरुवातीला एक बटण लागतंच. ते मी फोनच्या निम्म्या पडद्याएवढं केलं आणि त्यावर 'तानपुरा लावा' एवढंच लिहिलं. आमच्यातल्या दोघी साठीच्या पुढच्या आहेत आणि मांडी घालून बसल्यावर त्यांचा चष्मा टेबलावर असतो. कंपनांचे आकडे पानावर कुठेही नाहीत. आहे ते काळी एक, पांढरी चार. सुरू असताना पडदा झोपणार नाही याची सोय केली.

अक्षरांबद्दलही एक गोष्ट सांगते, कारण ती जवळजवळ कुणीच करत नाही आणि करायला एक ओळ लागते. पानाच्या सुरुवातीला भाषेचा खुणेचा शब्द द्यायचा असतो. तिथे मराठीचा 'एमआर' लिहिला आणि फाँटात दोन्ही वळणं असली, तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. २०२२ साली राज्य शासनाने निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हेच वापरायचं ठरवलं. लाखो मराठी पानं अजून दुसऱ्याच वळणात आहेत, आणि मला ते खटकतं.

कोडिंग आणि संगीत यांचा मराठीशी आणखी एक धागा आहे, तो कळल्यावर मी दोन दिवस हेच बोलत होते. सध्या जगात टायडल हे सॉफ्टवेअर आणि त्याचा ब्राउझरमधला भाऊ स्ट्रुडेल यांवर लोक मंचावर उभे राहून, प्रेक्षकांसमोर कोड लिहीत संगीत वाजवतात. टायडल केलं शेफील्डच्या अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांनी. त्यात लय लिहिण्याची जी पद्धत आहे, ती बोल प्रोसेसरवरून घेतलेली. आणि बोल प्रोसेसर १९८०च्या दशकात बर्नार्ड बेल आणि जिम किपन यांनी तबल्याच्या कायद्यांसाठी रचला; किपन लखनौच्या उस्ताद अफाक हुसेन यांच्याकडे तबला शिकत होते. कायद्याचे पलटे कोणत्या नियमानं होतात ते संगणकाला शिकवायचं आणि त्यानं काढलेले बोल उस्तादांना ऐकवून विचारायचं, हे बसतं का? हेच बेल १९९०च्या दशकात पुण्यात गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामाला येऊन मिळाले. खेड्यापाड्यातल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्यांच्या त्या संग्रहातल्या ओव्या आता 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन दफ्तराच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तबल्याचे बोल आणि बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, दोन्हींवर एकाच माणसाचा संगणकी हात फिरला आहे.

हे सगळं जमवायला मी फार काही नियम पाळत नाही. पहाटेचा रियाज कोडसाठी कधीही हलवत नाही. लॅपटॉप मिटण्याआधी वहीत एक ओळ लिहिते: पुढे काय करायचं आणि कुठल्या फाइलपासून. त्या ओळीमुळे दुसऱ्या वेळचा अर्धा तास वाचतो. आणि पानावर नवीन काही घालायचं तर ते आमच्या वर्गातल्या कुणीतरी मागितलेलं असावं लागतं. रंगीत लहरी नाचवायची माझी फार इच्छा होती, कोडही लिहून ठेवलाय, पण ती कुणी मागितली नाही.

बाई अजूनही वर्गात खरा तानपुराच लावतात, आणि तेच योग्य आहे. पान घरच्या रियाजासाठी. गेल्या वर्षी मस्कतला गेलेली आमची एक मैत्रीण तिथे त्यावरच बसते. परवा तिनं कळवलं की मालकंस घेतलाय आणि पंचमाची तार कानाला लागते. मालकंसात पंचम वर्ज्य, तिथे पहिली तार मध्यमाला उतरवतात. मी पंचमाची रेकॉर्ड केलेली तार तेवढी खाली ओढून पाहिली. स्वर मध्यमाचा आला, पण जवारी बंद. तेव्हा आता रविवारी खरी तार मध्यमाला लावून, धागा पुन्हा सरकवून रेकॉर्ड करायची आहे. बाई म्हणाल्या, तानपुरा हातात आहेच तर मारव्यासाठी निषादही करून ठेव.