'स्कायरिम'चे विकतचे मॉड: २०१५चा एप्रिल

मॉड म्हणजे चाहत्यांनीच गेममध्ये घातलेली भर: नवी शस्त्रं, नवी गावं, नव्या मोहिमा. 'स्कायरिम' या गेमचे मॉड स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर फुकट मिळायचे. २३ एप्रिल २०१५ रोजी स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने आणि 'स्कायरिम' बनवणाऱ्या बेथेस्डाने ते विकायची सोय केली आणि चाहते खवळले. निषेधाच्या अर्जावर लाखाहून जास्त सह्या! मॉड बनवणाऱ्याचा वाटा अवघा २५ टक्के, हे मला आजही खुपतं. रात्री जागून केलेल्या कामाचे पैसे मिळायलाच हवेत. पण खरा गुंता वेगळाच होता: मॉड एकमेकांच्या कामावर उभे असतात. मासेमारीचा एक विकतचा मॉड दुसऱ्याच्या मोफत ॲनिमेशनच्या कामावर चालत होता; वाद पेटला आणि तो मॉड काढून घ्यावा लागला. २७ एप्रिलला योजनाच गुंडाळली, खरेदीदारांना पैसे परत मिळाले.