गाळा इथे, खळं तिथे

बागलाण तालुक्यात, सटाण्यात माझं दुकान आहे. आधी एसटीडी बूथ होतं, मग सायबर कॅफे झाला, आता पाटीवर ‘कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, नेटवर्किंग’ असं लिहिलंय. कांद्याचा हंगाम आला की काउंटरवर एकच मागणी असते: “खळ्यावर नेट पाहिजे.” मी विचारतो, “शेठ, नेट पाहिजे की ऑफिस पाहिजे?” शेठ चमकून बघतात. पण हा प्रश्न सुटला की अर्धा खर्च वाचतो.

बागलाणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. व्यापाऱ्याचा गाळा बाजार समितीच्या आवारात असतो. लिलाव तिथे होतो, वही, मुनीम, टॅली सगळं तिथेच. पण घेतलेला कांदा ओतायचा, निवडायचा, गोणीत भरायचा आणि ट्रकमध्ये चढवायचा तर मोठी मोकळी जागा लागते. ती गावाबाहेर, रस्त्याला लागून, दोन-चार किलोमीटरवर. तेच खळं. तिथे पत्र्याचं शेड, हमाल, निवडणाऱ्या बाया आणि बऱ्याच जणांचा स्वतःचा भुईकाटा असतो. ट्रॅक्टर भरलेला काट्यावर येतो, माल ओततो, रिकामा परत काट्यावर येतो. दोन वजनांच्या फरकातून काटापट्टी निघते आणि तिच्यावर शेतकऱ्याचा पैसा होतो. ही पट्टी गाळ्यावर पोहोचवायला पूर्वी मोटारसायकलवर एक पोऱ्या असायचा. पोऱ्या चहाला थांबला की शेतकरीही थांबायचा.

आता काट्यावर कॉम्प्युटर आलाय, शेडला कॅमेरे लागलेत. शेठना गाळ्यात बसून खळ्यावरचं वजन दिसायला हवं आणि पट्टी तिथल्या तिथे हिशेबात चढायला हवी. याला इंटरनेट लागत नाही. गाळ्यातला कॉम्प्युटर आणि खळ्यावरचा कॉम्प्युटर एका दोरीत बांधले की झालं. गाळ्यात फायबरचं कनेक्शन असेल तर तेच त्या दोरीवरून खळ्यावरही जातं. प्रश्न उरतो दोरीचा.

पूर्वी याला राजमान्य उत्तर एकच होतं, लीज्ड लाइन. म्हणजे टेलिफोन कंपनीकडून दोन ठिकाणांमधला रस्ता चोवीस तासांसाठी भाड्याने घ्यायचा. ती फक्त तुमची असते, दुसरं कुणी त्यावर येत नाही. जाण्या-येण्याची गती सारखी असते आणि बिघडली तर किती वेळात दुरुस्त करायची हे करारात लिहिलेलं असतं. भाडं गतीवर आणि अंतरावर ठरायचं. गतीचं जुनं माप 64 किलोबिट, म्हणजे एका टेलिफोन संभाषणाएवढी वाट. अशा 32 वाटा एकत्र केल्या की 2 मेगाबिटची ‘ई-वन’ लाइन होते. एकेकाळी 2 मेगाबिट म्हणजे मोठी शान. आज शेडवरचा एक चांगला कॅमेरा एकटाच तेवढं खातो.

तारेऐवजी हवेतून धंदा जोडायची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे, फक्त ती मोठ्यांच्या घरची होती. 1994 मध्ये मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सुरू झाला. गावोगावच्या दलालांना पडद्यावर सौदे करता यावेत यासाठी त्याने जमिनीवरच्या तारांवर भरवसा न ठेवता व्हीसॅट वापरले: छपरावर तबकडी आणि वर 36,000 किलोमीटरवर उपग्रह. तिथून वर-खाली फिरून उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो, तरी देशभरचे सौदे त्यावर चालले. फोनची तार कधी तुटेल याचा नेम नव्हता, आकाश मात्र जागेवर होतं.

छोट्या व्यापाऱ्याला हवा मोकळी झाली ती 2005 मध्ये. त्या जानेवारीत केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरायला दिला. त्याआधी गच्चीवर रेडिओ लावायचा तर दिल्लीच्या परवान्याची गोष्ट होती. नंतर 5.8च्या आसपासची एक चिंचोळी पट्टी मिळाली आणि ऑक्टोबर 2018च्या अधिसूचनेने 5 गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग खुला झाला. माझ्या धंद्याचे दिवस खरे पालटले ते यामुळे. 2.4 गिगाहर्ट्झवर गल्लीतलं प्रत्येक वायफाय बोलत असतं. 5 गिगाहर्ट्झवर बोलायला जागा आहे, निदान अजून तरी.

सामान फार नसतं. दोन्ही टोकांना एकेक रेडिओ, त्याला फूट-सव्वा फुटाची तबकडी, पाइप, क्लॅम्प, बाहेर टिकणारी शिल्डेड केबल आणि त्याच केबलमधून वीज चढवणारं अडॅप्टर, ज्याला आम्ही पीओई म्हणतो. रेडिओला वीज लागते सात-आठ वॅट. माझं कोटेशन वीस हजारांच्या आसपास जातं, तेही एकदाच. महिन्याचं भाडं नाही. आकडा ऐकून शेठ म्हणतात, “एवढ्यात? मग त्यात दम काय असणार?”

दम तबकडीत असतो. 5.8 गिगाहर्ट्झवर सरकारने फेकीच्या ताकदीची मर्यादा 4 वॅट ठेवलीय, पण ती मोजायची तबकडीने एका दिशेला गोळा केल्यानंतर. साधी 23 डीबीआयची तबकडी ताकद दोनशे पट गोळा करते. म्हणजे रेडिओने स्वतः फक्त 20 मिलिवॅट सोडले की कायद्याची मर्यादा गाठली. एवढ्याशा ताकदीवर तीन किलोमीटर पार होतात आणि पलीकडे 80-90 मेगाबिट सहज मिळतात. खोक्यावर मात्र याच्या कितीतरी पट आकडा छापलेला असतो. त्यावर जाऊ नका. हा रेडिओ एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकत नाही, आलटून पालटून करतो. त्यामुळे छापील गतीच्या निम्मी हातात आली तरी काम चोख झालं म्हणायचं.

आता अटी सांगतो, कारण इथेच लोक फसतात. पहिली अट: एका गच्चीवरून दुसरी दिसली पाहिजे. नुसती दिसूनही भागत नाही. लहर दोऱ्यासारखी सरळ जात नाही, तिला आजूबाजूला अंग पसरायला जागा लागते. तिला म्हणतात फ्रेनेल झोन: दोन टोकांना निमुळता, मध्ये फुगलेला. तीन किलोमीटरला 5.8 गिगाहर्ट्झवर बरोबर मध्यावर ही जागा दृष्टिरेषेच्या वर-खाली, चहूबाजूंनी वीस-वीस फूट असते. तिच्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे बारा फूट, मोकळा हवा. दुर्बिणीतून समोरचं शेड स्वच्छ दिसतंय आणि लिंक मात्र लंगडतेय, याचं कारण बहुतेक वेळा मध्ये कुठेतरी खाली असलेला झाडाचा शेंडा असतो. तो नजरेला आडवा येत नाही, लहरीला येतो.

झाडांत सगळ्यात वाईट सुबाभूळ. हिवाळ्यात लिंक लावावी, सिग्नल सुरेख असतो. पावसाळ्यात बांधावरची सुबाभूळ वाढते, पानं धरते, पानांवर पाणी साचतं आणि शेठचा फोन येतो की पावसाने नेट खराब केलं. पाऊस बिचारा निर्दोष असतो. 5 गिगाहर्ट्झला दोन-चार किलोमीटरवर साध्या पावसाने जवळजवळ काही होत नाही. ओल्या पानांनी होतं. वर जाल तसं चित्र बदलतं. रस्त्यापलीकडे गिगाबिट नेणारे 60 गिगाहर्ट्झचे रेडिओ आता मिळतात, पण तिथे हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरमागे 15 डेसिबल गिळतो. पाऊस आला तर विचारूच नका. ते दोनशे-चारशे मीटरचं काम. राहिला प्रश्न उंचीचा. आमच्या तालुक्यात साल्हेर आहे, 1567 मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. पण माझ्या उपयोगाची उंची म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी.

टाकीवर चढलं की खरं काम सुरू. पलीकडच्या शेडवर पोऱ्या उभा असतो, कानाला मोबाइल. मी तबकडी केसभर डावीकडे सरकवतो, थांबतो, आकडा बघतो. आकडा उणे असतो आणि जितका लहान तितका चांगला: उणे 60 आला तर पेढे, उणे 75च्या पुढे गेला तर रडगाणं. दर तीन डेसिबलला ताकद निम्मी होते. उणे 78 वरून हळूच उणे 74 झाला, पुढे परत पडायला लागला की नवखा माणूस म्हणतो, हेच शिखर, आवळा बोल्ट. ते तबकडीच्या कडेचं खोटं शिखर असतं. आणखी दहा-बारा अंश फिरवलं की आकडा एकदम उणे 59 ला येतो. म्हणून घरी बसून काय यायला हवं त्याचा हिशेब आधी करायचा. तीन किलोमीटर, 23 ची तबकडी, पूर्ण परवानगीची ताकद: उणे 58 च्या आसपास. पाच-सहा इकडेतिकडे चालेल. पंधराचा फरक म्हणजे तबकडी चुकीकडे बघतेय किंवा मध्ये काहीतरी आहे.

दुसरी अट अर्थिंग. बागलाणात अवकाळी येतो तो गारा आणि विजा घेऊन. टाकीवरचा लोखंडी पाइप गावातली सगळ्यात उंच वस्तू असतो. वीज त्याच्यावरच पडली पाहिजे असं नाही. जवळपास पडली तरी केबलमधून झटका खाली उतरतो आणि रेडिओबरोबर स्विच, कॉम्प्युटर, कधी काट्याचा इंडिकेटरही घेऊन जातो. हजार-दीड हजाराची अर्थिंग वाचवायला लोक फार हुशार असतात. खारी केबल कुरतडतात, संक्रांतीला नायलॉनचा मांजा तबकडीत गुंततो, हे त्या मानाने किरकोळ.

तिसरी गोष्ट अट नाही, अडचण आहे. खुला पट्टा म्हणजे गावची पाणंद. तुमचा ट्रॅक्टर जाऊ शकतो तसा सगळ्यांचा जाऊ शकतो, आणि समोरून कुणी आलं तर तक्रार कुठे करणार? सरकारी नियमातच तसं म्हटलंय: परवाना नको, पण संरक्षणही नाही. ऐन हंगामात सकाळी फोन येतो, “भाऊ, नेट बंद पडी गयं, लिलाव चालू शे!” जाऊन बघावं तर शेजारच्या गाळ्याने नवी लिंक लावलेली, त्याच चॅनलवर, ताकद शेवटपर्यंत वाढवून. मग दोघांना बसवायचं, चॅनल वाटून घ्यायचे, ताकद खाली आणायची. कुणी मध्ये दोन मजले चढवले तर तेही गुमान बघायचं, हवेचा सातबारा आपल्या नावावर नसतो.

आणखी एक बजावून सांगतो. स्वतःच्या जागा जोडणं निराळं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पैसे घेऊन इंटरनेट देणं निराळं. त्याला इंटरनेट सेवेचा परवाना लागतो. आणि रेडिओही सरकारी मान्यता असलेला हवा, कुठूनही मागवलेला नको.

ही विद्या कांद्यापुरती नाही, याचं उत्तम उदाहरण पालघर जिल्ह्यात आहे. आयआयटी मुंबईचे तेव्हाचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘ग्राममार्ग’ प्रकल्प केला. टीव्हीच्या वापरात नसलेल्या लहरींवर त्यांनी खामलोली परिसरात प्रयोग केले, कारण त्या खालच्या लहरी झाडांमधून बऱ्या पार होतात, पुढे 5.8 गिगाहर्ट्झच्या लिंका टाकून पंचवीस गावं जोडली. 2017 मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिलं पारितोषिक मिळालं. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायचं आणि पुढचा तुकडा हवेतून न्यायचा, हे त्यांचं सूत्र. आमचं गाळा-खळं प्रकरण त्याचंच धाकटं भावंड.

मग लीज्ड लाइन मेली का? नाही. बँकेची शाखा, दवाखान्याचं मोठं यंत्रजाळं, पाच मिनिटं बंद पडल्याने ज्याचं लाखाचं नुकसान होतं असा धंदा, यांनी भाडं भरावंच. ते भाडं तारेचं नसतं, बिघाड झाल्यावर कुणाची तरी मान पकडता येण्याचं असतं. शक्य असेल तर त्यांनी रेडिओ जोडीला ठेवावा: जेसीबीने फायबर तोडलं तर हवा चालू राहते. बाकीच्यांना, म्हणजे ज्यांचं गोदाम, शाळेची दुसरी इमारत किंवा पॅकहाउस पाच किलोमीटरच्या आत आणि नजरेच्या टप्प्यात आहे त्यांना, माझं मत स्पष्ट आहे. तारेचं भाडं भरू नका.

फक्त लिंक लावून झाली की लावणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्याकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: चॅनल कोणता, ताकद किती ठेवली, त्या दिवशी सिग्नलचा आकडा काय होता आणि रेडिओचा पासवर्ड. पासवर्ड कारखान्यातून आला तोच असेल तर तिथेच बदलून घ्या आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करायला सांगा. 2016 मध्ये जुनं सॉफ्टवेअर असलेल्या अशाच रेडिओंमध्ये जगभर व्हायरस घुसला होता. कागद गाळ्यातल्या वहीत चिकटवा. उद्या लावणारा फोन उचलेनासा झाला, तर दुसरा कुणीही त्या कागदावरून तुमचं काम पुढे नेईल.