हँडहेल्ड कन्सोलची बॅटरी दीड तासात संपतेय? बदलायच्या आधी हे गणित बघा

दादरहून रात्री सुटलेली गाडी अजून रोह्यालाही पोहोचली नव्हती आणि माझ्या मावसभावाच्या हातातला स्टीम डेक बंद पडला. घरून निघताना शंभर टक्के चार्ज होता. सावंतवाडी यायला अख्खी रात्र बाकी होती.

डेक सेकंडहँड घेतलेला. एका दुकानात दाखवल्यावर त्याला लगेच उत्तर मिळालं, "बॅटरी गेलीये, बदलावी लागेल." खर्च साडेचार हजार. तो पैसे द्यायलाही तयार होता. मी म्हटलं, आधी बॅटरी खरंच गेलीये का ते तर बघू.

बघितलं, तर बॅटरी गेलेली नव्हतीच.

गणित एका भागाकाराचं आहे

बॅटरीत किती ऊर्जा मावते, ते वॉट-अवरमध्ये मोजतात. कन्सोल ती किती वेगाने खातो, ते वॉटमध्ये. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की किती तास खेळता येईल ते कळतं.

स्टीम डेकच्या २०२२ च्या एलसीडी मॉडेलची बॅटरी ४० वॉट-अवरची आहे. मोठा थ्रीडी गेम फुल सेटिंगवर चालवला तर अख्खं मशीन २५ वॉटच्या आसपास खाऊ शकतं. ४० भागिले २५, म्हणजे जेमतेम दीड तास. तोच डेक साध्या टूडी गेमवर १० वॉट किंवा त्याहून कमी घेतो. म्हणजे चार तास आरामात. बॅटरी तीच, मशीन तेच, फरक फक्त खाण्याचा.

टाकी तेवढीच ठेवून नळ कमी सोडला तर पाणी जास्त वेळ पुरतं, तसंच हे.

कंपन्यांनाही हे माहीत आहे

निन्टेंडो स्विच २०१७ मध्ये आला, तेव्हा 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम त्यावर साधारण तीन तास चालायचा. २०१९ मध्ये कंपनीने सुधारित मॉडेल आणलं. त्यावर तोच गेम साधारण साडेपाच तास चालू लागला. गंमत म्हणजे बॅटरी होती तेवढीच, ४३१० एमएएचची. बदलली होती आतली चिप. नवी चिप तेच काम कमी विजेत करत होती.

याउलट २०२५ चा स्विच २ बघा. बॅटरी मोठी, ५२२० एमएएच. पण कंपनीच सांगते की ती दोन ते साडेसहा तास चालेल. २०१९ च्या मॉडेलसाठी हाच आकडा साडेचार ते नऊ तास होता. बॅटरी वाढली, पण चिप आणि स्क्रीनची भूक त्याहून जास्त वाढली.

हे आजचं नाही. निन्टेंडोच्या १९८९ च्या गेम बॉयला रंग नव्हते, स्क्रीनला लाइट नव्हता, पण चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांहून जास्त चालायचा. वर्षभराने आलेल्या सेगाच्या गेम गिअरमध्ये रंगीत आणि उजळ स्क्रीन होती. त्याला सहा सेल लागायचे आणि तेही तीन ते पाच तासांत संपायचे.

मग वॉट कमी कसे करायचे?

फ्रेम रेट बांधून घ्या. सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रं काढायची असतील तर चिपचं काम जवळपास निम्मं होतं. ३० वर गेम अडखळतोय असं वाटत असेल तर ४० ठेवा. ६० ला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३० ला ३३.३ आणि ४० ला बरोबर मधलं, २५. म्हणून ४० डोळ्यांना बरंच गुळगुळीत वाटतं. स्टीम डेकवर उजवीकडचं तीन टिंबांचं बटण दाबलं की ही मर्यादा घालता येते. स्विचवर मात्र असं सरसकट सेटिंग नाही. गेममध्येच पर्याय असेल तरच.

ब्राइटनेस उतरवा. घरात, रात्री किंवा गाडीत फुल ब्राइटनेसची गरज नसते. अर्ध्यावर आणा.

चिपला मर्यादा घाला. स्टीम डेक आणि रॉग अलायसारख्या मशीनवर चिपने जास्तीत जास्त किती वॉट घ्यायचे ते ठरवता येतं. हलक्या गेमला १५ वॉट लागतच नाहीत. एकेक वॉट कमी करत जा आणि गेम अडखळायला लागला की एक पायरी वर या.

ऑफलाइन गेमला इंटरनेट कशाला? वायफाय बंद करा. मागे डाउनलोड सुरू नाही ना, तेही बघा.

आम्ही मावसभावाच्या डेकवर फ्रेम रेट ४० केला आणि ब्राइटनेस अर्धा. खप २३ वॉटवरून १२ वर आला. दीड तासात संपणारी बॅटरी तीन तास पुरली. साडेचार हजार वाचले.

पण बॅटरी खरंच गेली असेल तर?

तसंही होतं. लिथियम-आयन बॅटरी वापराने म्हातारी होतेच. निन्टेंडोच्या सांगण्यानुसार स्विचची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावर साधारण ८० टक्के क्षमतेवर येते.

स्टीम डेकच्या डेस्कटॉप मोडमध्ये 'इन्फो सेंटर' उघडलं की बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही दिसतात. विंडोजवर चालणाऱ्या हँडहेल्डमध्ये 'बॅटरी रिपोर्ट' काढता येतो. मावसभावाच्या डेकमध्ये ४० पैकी ३६ वॉट-अवर शिल्लक होते, म्हणजे ९० टक्के. हा आकडा ६०-७० टक्क्यांवर आला असेल आणि सेटिंग बदलूनही फरक पडत नसेल, तर बॅटरी बदलण्यात अर्थ आहे.

कन्सोल वीस टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल तर कधीकधी फक्त टक्केवारीचा अंदाज चुकलेला असतो. दोन-तीनदा पूर्ण चार्ज करून, जवळपास संपेपर्यंत वापरून बघा.

एका बाबतीत मात्र थांबू नका. मागचं कव्हर वर आलंय, स्क्रीनची कड उचललीय, सपाट टेबलावर कन्सोल डुगडुगतोय? बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग ताबडतोब थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, स्वतः उपसून काढू नका. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडून काढून घ्या आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्या.

आयुष्य वाढवायचं असेल तर

उष्णता हा बॅटरीचा पहिला शत्रू. उशीवर किंवा गोधडीवर ठेवून खेळू नका, हवेची जाळी बंद होते. कायम चार्जरला लावून खेळत असाल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. स्टीम डेक आणि रॉग अलायमध्ये तशी सोय आहे, स्विच २ मध्ये ९० टक्क्यांची आहे. महिनोन् महिने वापरणार नसाल तरी सहा महिन्यांतून एकदा चार्ज करा.

प्रवासाला निघताना चार्जरही बघून घ्या. स्टीम डेकचा चार्जर ४५ वॉटचा आहे. मोबाइलचा जुना १० वॉटचा चार्जर लावून मोठा गेम खेळलात तर चार्जिंग सुरू असूनही टक्के खालीच जातील. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ७४ वॉट-अवर असतात. वाटेतली गळती धरली तर डेक साधारण दीड वेळा भरेल.

त्यामुळे पुढच्या वेळी कोणी "बॅटरी गेलीये" म्हणालं तर खिशात हात घालायच्या आधी एकच प्रश्न विचारा: मशीन किती वॉट खातंय?