सहा धावा आणि दीड मिनिट

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांचे रक्त दोनच गोष्टींवरून उसळे. एक, चहात साखर जास्त पडली म्हणजे. आणि दुसरी, १९४९ सालच्या फेब्रुवारीची आठ तारीख कोणी काढली म्हणजे. त्या दिवशी कचेरीला दांडी मारून ते ब्रेबोर्न स्टेडियमवर गेले होते.

वेस्ट इंडिजविरुद्धचा पाचवा कसोटी सामना. मालिकेत आपण एका सामन्याने मागे. जिंकायला ३६१ धावा हव्या होत्या, आणि तोवर भारताने एकही कसोटी जिंकलेली नव्हती! विजय हजाऱ्यांनी १२२ काढल्या, रुसी मोदींनी ८६. अखेरीस दत्तू फडकर झुंजत राहिले. शेवट जवळ आला तसे पाहुण्यांच्या पायांत शिसे भरले. चेंडू आणायला जाणारा गडी हवापालटाला निघाल्यासारखा चाले, असे दादा सांगत. आठ बाद ३५५ झाल्या, सहा धावा उरल्या, आणि पंचांनी बेल्स उचलल्या. त्या षटकातला एक चेंडू बाकी होता. घड्याळात दीड मिनिट होते. फडकर ३७ वर नाबाद परतले.

पहिला विजय पाहायला मग १९५२ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. कर्णधार हजारेच.

गणती चुकली हे खरे. पण मला विचाराल तर मोठी चूक नियमाची होती. त्या काळी सामना संपे तो घड्याळावर. किती षटके टाकायची याचे बंधन नव्हते. तेव्हा गोलंदाजाने बुटाची नाडी बांधत बसावे आणि काट्याने त्याच्या वतीने खेळत राहावे. बरे, घड्याळच काढून टाकले तर? तोही प्रयोग झाला. १९३९ च्या मार्चमध्ये दरबानला दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड निकाल लागेपर्यंत खेळणार होते. ६९६ चा पाठलाग करताना इंग्लंडने पाच बाद ६५४ पर्यंत मजल मारली. खेळ सुरू होऊन दहा-अकरा दिवस झाले होते. पण परतीची बोट चुकेल म्हणून सामना सोडावा लागला!

पुढे शेवटच्या तासात किमान २० षटके टाकलीच पाहिजेत असे ठरले. १९७९ साली ओव्हलवर ४३८ हव्या असताना आपण आठ बाद ४२९ वर थांबलो. गावसकरांच्या २२१. नऊ धावा कमी पडल्या, तरी दादा रेडिओ बंद करून निवांत झोपले. म्हणाले, "मोजून दिलं ना? मग तक्रार नाही."

आता दिवसाला ९० षटके, आणि शेवटच्या दिवशी अखेरच्या तासाला किमान १५. पावसाने वेळ खाल्ला तर सहसा दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी सुरुवात. चालढकल करणाऱ्याचे गुणही कापतात. २०२० च्या डिसेंबरात मेलबर्नला भारताविरुद्ध ऑस्ट्रेलियाची दोन षटके कमी पडली. चार गुण गेले, आणि अजिंक्यपदाचा अंतिम सामना त्यांना हुकला. त्यांच्या जागी न्यूझीलंड आले. साउथॅम्प्टनला २०२१ साली तो सामना झाला, तेव्हा दोन दिवस पावसात वाहून गेले. म्हणून राखून ठेवलेला सहावा दिवस काढला, आणि नेमके त्याच दिवशी आपण हरलो. वाया गेलेला वेळ परत मिळाला तो असा!

२०२५ पासून कसोटीतही दोन षटकांमध्ये साठ सेकंदांचे घड्याळ लागते. दोनदा समज, तिसऱ्यांदा पाच धावांचा दंड. ब्रेबोर्नला त्या पाच मिळत्या तर एकच धाव उरली असती.

दादांचे ते मनगटी घड्याळ अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. "माझ्या घड्याळात दीड मिनिट बाकी होतं," हे वाक्य त्यांनी आम्हांला किती वेळा ऐकवले असेल! एकदा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पण लोकल चुकू नये म्हणून तुम्ही ते दोन मिनिटं पुढे लावत होतात ना?"

दादांनी क्षणभर हिशेब केला. मग ताडकन उठून उभे राहिले. "म्हणजे साडेतीन मिनिटं!"